तहसील कचेरीजवळ झेरॉक्सचे दुकान: कोणती मशीन घ्यावीत आणि कशी तपासून घ्यावीत

प्रश्न: तालुक्याच्या गावी तहसील कचेरी आणि कनिष्ठ महाविद्यालय यांच्या मधोमध दहा बाय बाराचा गाळा मिळाला आहे. हाताशी तीन लाख रुपये आहेत. झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन, स्पायरल आणि पासपोर्ट फोटो एवढी कामे करायची आहेत. एकच मोठे मशीन घ्यावे की दोन लहान? नवे घ्यावे की रिफर्बिश्ड (वापरलेले, दुरुस्त करून विकलेले)? रंगीत झेरॉक्सचे मशीन सुरुवातीलाच घ्यावे का?

उत्तर:

आधी थोडक्यात सांगतो. मिनिटाला ४० ते ५० पानांच्या वेगाचे, नीट तपासलेले, रिफर्बिश्ड ए३ काळे-पांढरे मशीन घ्या. त्याच्या जोडीला कॉपी आणि स्कॅन करणारा एक लहान नवा लेझर, आणि रंगीत कामाला शाईच्या टाकीचा प्रिंटर. रंगीत झेरॉक्सचे मोठे मशीन पहिल्या वर्षी नको. तीन लाखांतले चाळीसएक हजार मात्र खरेदीत अजिबात घालू नका, ते सुट्या भागांसाठी आणि पहिल्या तीन महिन्यांच्या भाड्यासाठी लागतील.

वेग कुठे लागतो आणि कुठे नाही

कचेरीजवळच्या दुकानाचे काम दिवसभर सारखे नसते. सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळात रांग लागते आणि प्रत्येकाच्या हातात चार-सहा कागद असतात: आधार, रेशनकार्ड, सातबारा, आठ-अ, शाळा सोडल्याचा दाखला. अशा गिऱ्हाइकाचे काम करताना वेळ जातो तो कागद काचेवर सरळ ठेवण्यात, रेशनकार्डाची पाने उलटण्यात आणि आधारच्या दोन्ही बाजू एका पानावर घेण्यात. तिथे मशीन मिनिटाला ४५ पाने काढते की ७५, याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो पहिली कॉपी किती सेकंदांत बाहेर येते आणि झोपलेले मशीन किती लवकर जागे होते याने. जुनी, जाड रोलरची वेगवान मशीन तापायला बरीच मिनिटे घेतात. फिल्म फिक्सिंगची, म्हणजे पातळ फिल्म तापवून शाईची पूड (टोनर) कागदावर पक्की करणारी मशीन लवकर तयार होतात आणि वीजही कमी खातात.

खरा वेग लागतो तो कॉलेजच्या नोट्सना, म्हणजे शंभर पानांच्या चाळीस प्रती काढायच्या असतात तेव्हा. ते काम दुपारनंतर निवांत करता येते. त्यासाठी ४५ चा वेग पुरतो, पण फीडर (पाने आपोआप ओढणारा भाग) आणि बॅक-टू-बॅक (कागदाच्या दोन्ही बाजूंची छपाई) दोन्ही बिनचूक चालले पाहिजेत. मॉडेलच्या नावातूनच वेग कळतो. कॅननच्या इमेजरनर ॲडव्हान्स ४२४५ किंवा ४५४५ मध्ये शेवटचे दोन आकडे मिनिटाला किती ए४ पाने ते सांगतात. रिकोच्या एमपी ५०५४ मध्ये पहिले दोन.

आता दुसऱ्या मशीनबद्दल. जूनमधले प्रवेश, एखादी मोठी भरती, ग्रामपंचायतीची उमेदवारी, किंवा जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हासारखी गर्दी, या दिवसांत वर्षाची ओळख तयार होते. नेमके त्याच दिवशी एकुलते एक मशीन बसले तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते आणि पुढेही तिकडेच जात राहते. म्हणून ८० पानांच्या एका मशीनवर सगळे पैसे लावण्यापेक्षा ४५ चे एक आणि जोडीला लहान लेझर ही रचना मला कितीतरी शहाणपणाची वाटते. लहान लेझर हळू चालेल, पण दुकान चालू राहील.

ब्रँड ठरवण्याआधी मेकॅनिक ठरवा

कॅनन, रिको, कोनिका मिनोल्टा, क्योसेरा, सगळ्यांची मशीन चांगली आहेत. तुमच्या गावात मात्र चांगले मशीन तेच, ज्याचा मेकॅनिक बोलावल्यापासून चोवीस तासांत दारात येतो आणि ज्याचे ड्रम (प्रतिमा उमटवणारा नळा), ब्लेड (ड्रम पुसणारी पट्टी), फिक्सिंग फिल्म जिल्ह्याच्या गावी त्याच दिवशी मिळतात. आसपासच्या पाच दुकानांत जाऊन कोणते मॉडेल आहे आणि दुरुस्तीला कोण येतो, एवढेच विचारा. दोन-तीन दुकानांत एकच मालिका दिसली की तीच घ्या. अडचणीच्या वेळी एखादा पार्ट उसनाही मिळतो. ज्या मॉडेलचे टोनर फक्त मुंबई-पुण्याहून कुरिअरने येते ते कितीही स्वस्त मिळाले तरी सोडून द्या. काही कंपन्यांच्या टोनरला देशानुसार चिप असते, त्यामुळे बाहेरून आलेले मशीन इथले टोनर ओळखत नाही. टोनर बसवून, मशीन चालवून दाखवल्याशिवाय असे मशीन घेऊ नका.

नवे की रिफर्बिश्ड

नव्या लहान ए३ मशीनला वॉरंटी मिळते आणि बँकेला कागदपत्रे देणे सोपे जाते. पण त्या किमतीत मिळते ते साधारण २०-२५ च्या वेगाचे मशीन, आणि फीडर व बॅक-टू-बॅक बऱ्याचदा वेगळे घ्यावे लागतात. त्याच पैशांत रिफर्बिश्डमध्ये दुप्पट वेगाचे, दोन-तीन कॅसेटचे (कागदाच्या खणांचे) भक्कम मशीन येते. ही मशीन बहुतांशी परदेशातल्या ऑफिसांतून भाडेकरार संपल्यावर आलेली असतात. त्यांचा सांगाडा दहा-पंधरा लाख कॉपींना पुरणारा असतो. झिजणारे भाग बदलले आहेत की फक्त बाहेरून पुसून चकचकीत केले आहे, हे तपासणे आपल्या हातात असते. मुद्रा किंवा अन्य कर्ज काढणार असाल तर रिफर्बिश्डला बँक तयार आहे का हे आधी विचारा आणि जीएसटीचे पक्के कोटेशन घ्या.

तपासायला जाताना अर्धा दिवस काढा. स्वतःची दोन रीम नेहमीच्या दर्जाची आणि एक लीगल, दहा-बारा जाड कागद आणि एक पेनड्राइव्ह सोबत न्या. विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगा की मशीन सकाळपासून बंद ठेवा. तापलेल्या मशीनचे अनेक दोष लपतात.

पहिली नजर मागच्या पट्टीवर. तिथे २२०–२४० व्होल्ट लिहिलेले हवे. अमेरिकेतून आलेले मशीन १२० व्होल्टचे असते. ते ट्रान्सफॉर्मर लावून विकतात, आणि पुढे कोणी चुकून थेट बोर्डात पिन घातली की पॉवर सप्लाय जळतो. असे मशीन घेऊच नका.

मग थंड मशीन चालू करून तयार होईपर्यंतचा वेळ पाहा आणि काउंटर, म्हणजे आजवर निघालेल्या पानांचा आकडा, वाचा. कॅननमध्ये ‘चेक काउंटर’मधली १०१ क्रमांकाची ओळ म्हणजे एकूण छपाई. काउंटर मागे फिरवता येतो, म्हणून आकड्यावर विसंबून राहू नका. आकडा दोन लाख सांगतो आणि फीडरचे रोलर गुळगुळीत, बिजागऱ्या ढिल्या, पॅनेलवरची बटणे घासलेली असतील, तर आकडा खोटा समजा.

यानंतरच्या चाचण्या याच क्रमाने घ्या. काचेवर काही न ठेवता, झाकण बंद करून एक ए३ कॉपी काढा. पान पूर्ण पांढरे यायला हवे. करडी झाक दिसली तर ड्रम, डेव्हलपर (टोनर ड्रमपर्यंत नेणारी पूड) किंवा हलक्या टोनरचा दोष. झाकण उघडे ठेवून दुसरी कॉपी काढा. आता पान काळेभोर येईल. त्यात पांढरे पट्टे किंवा एका बाजूला फिकेपणा दिसतो का पाहा आणि बोट घासून टोनर निघतो का बघा. मग फीडरमध्ये पन्नास पाने ठेवून दोन्ही बाजूंनी दोन प्रती काढा. हे शंभर कागद न अडकता बाहेर आले पाहिजेत. एक जॅम झाला तर कारण शोधा, तीन झाले तर उठून या. लीगल कागद कॅसेटमधून ओढतो का, बाजूच्या बायपास ट्रेमधून जाड कागद सरळ जातो का, हे स्वतः करून पाहा. शेवटी आपल्या लॅपटॉपवरून प्रिंट द्या आणि स्कॅन घ्या. काही जुन्या मशीनमध्ये प्रिंट बोर्डच नसतो, ती फक्त कॉपी काढतात, आणि हे दुकानात आणल्यावर कळते.

पुढचे दार उघडायला लावा. आत टोनर सांडलेला असेल, उंदराच्या लेंड्या दिसतील किंवा वायरींवर कुरतडल्याच्या खुणा असतील तर तिथेच थांबा. ड्रमवर बोट न लावता उजेडात पाहा. गोल फिरणाऱ्या रेघा म्हणजे ब्लेड संपल्याची खूण.

सौदा ठरताना ड्रम, क्लीनिंग ब्लेड, फिक्सिंग फिल्म आणि पिकअप रोलर नवे घालून द्यायला सांगा आणि जुने भाग तुमच्यासमोर काढायला लावा. वॉरंटी किती महिने किंवा किती कॉपी, त्यात ड्रम आणि फिक्सिंग येतात की नाही, मेकॅनिकच्या येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, हे बिलावरच लिहून घ्या. तोंडी वॉरंटीला अर्थ नाही.

वीज आणि जागा

मशीनमधल्या निम्म्या सर्किट बोर्डांचे मरण इथे असते, म्हणून यावर थोडा जास्त वेळ घालवतो. मोठ्या मशीनचे फिक्सिंग तापताना ते हजार ते दीड हजार वॉट ओढते. त्याला १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट, मीटरपासून वेगळी वायर आणि खरे अर्थिंग हवे. अर्थिंग तपासायला इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक, दहाच्या पुढे गेला तर अर्थिंगचा खड्डा नव्याने करून घ्या. ज्या गावात संध्याकाळी विजेचा दाब १८० व्होल्टपर्यंत उतरतो आणि रात्री २६० वर जातो, तिथे तीन केव्हीएचा सर्वो स्टॅबिलायझर ही चैन नाही.

लेझर मशीन साध्या इन्व्हर्टरवर किंवा संगणकाच्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर लावू नका. फिक्सिंग तापू लागताच यूपीएस बसतो. इन्व्हर्टरवर संगणक, राउटर, एक दिवा आणि शाईचा प्रिंटर ठेवा. शाईचा प्रिंटर फारच थोडी वीज खातो, त्यामुळे लोडशेडिंगमध्येही आधारच्या दोन प्रती देता येतात.

मशीनच्या मागे आणि बाजूला सात-आठ इंच मोकळे सोडा, आणि फीडर उघडायला वर जागा हवी हे विसरू नका. दारातून थेट रस्त्याची धूळ किंवा दुपारचे ऊन मशीनवर येऊ देऊ नका. गाळ्याला एक एक्झॉस्ट पंखा बसवा. सांडलेला टोनर घरच्या व्हॅक्यूमने ओढू नका, ती बारीक पूड त्याच्या फिल्टरमधून आरपार जाऊन हवेत पसरते. कोरड्या फडक्याने उचला, मग थंड पाण्याच्या फडक्याने पुसा. गरम पाण्याने तो चिकटतो.

कागद

मशीनच्या तक्रारींपैकी बऱ्याच मुळात कागदाच्या असतात. ए४ साठी ७० किंवा ७५ जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) घ्या. पाकिटावरचा आकडा खरा आहे का हे वजनावरून कळते: ५०० पानांचे ७० जीएसएमचे ए४ रीम सुमारे २ किलो १८० ग्रॅम भरते, ७५ चे सुमारे २ किलो ३४० ग्रॅम. किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा ठेवून पाहा. स्वस्त कागदातून भुकटी गळते, ती पिकअप रोलरवर बसते आणि रोलर घसरू लागतो.

पावसाळ्यात, कोकणात तर चार महिने, कागद ओल धरतो. मग पाने वळतात, दोन-दोन ओढली जातात, लीगलला घडी पडते आणि छपाई ठिपक्याठिपक्यांची फिकी येते. मेकॅनिकला बोलावण्याआधी नवे, बंद रीम फोडून पाहा. बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळते. रीम जमिनीवर आणि भिंतीला टेकून ठेवू नका, लाकडी फळीवर ठेवा. उघडलेले रीम प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि कॅसेटमध्ये त्या दिवसापुरताच कागद भरा. अनेक मशीनना कॅसेट हीटर बसवता येतो. कोकणातल्या दुकानाने तो जरूर मागावा.

न्यायालय जवळ असेल तर वकिलांना विचारून लीगल आणि हिरवा लेजर कागद ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० पासून ए४ वर दोन्ही बाजूंनी छपाई स्वीकारली असली, तरी स्थानिक न्यायालयात काय चालते तेच तुमच्यासाठी महत्त्वाचे.

स्टॅम्प पेपरवर छपाई हे इथले सर्वांत जोखमीचे काम. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून बहुतेक दस्तांना १०० ऐवजी किमान ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो, त्यामुळे एक जॅम म्हणजे गिऱ्हाइकाचे ५०० रुपये. पट्टीने वरच्या छापील भागाची उंची मोजा आणि तेवढी जागा मजकुरात वरून सोडा. मग त्याच मापाच्या साध्या कागदावर प्रिंट काढून तो स्टॅम्प पेपरवर ठेवून खिडकीच्या उजेडात धरा आणि ओळी कुठे बसतात ते पाहा. गिऱ्हाइकाला तो नमुना वाचायला द्या, नावे आणि वय तपासून घ्या. मग स्टॅम्प पेपर बायपास ट्रेमधून, ‘जाड कागद’ ही निवड करून, एका वेळी एकच सोडा. कॅसेटमधून कधीच नाही, तिथला वळणाचा मार्ग जुन्या घडीला हमखास अडवतो.

लहान लेझर

याच्याकडून तीन गोष्टी हव्यात: फ्लॅटबेड स्कॅनर, आपोआप दोन्ही बाजूंची छपाई आणि जिल्ह्यात सहज मिळणारे टोनर. ड्रम आणि टोनर वेगवेगळे असणारे मॉडेल दुकानाला परवडते, कारण टोनर संपला म्हणून ड्रम फेकावा लागत नाही. कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा १०२० अजून गावोगावी दिसतात ते त्यांची कार्ट्रिज पुन्हा भरता येते म्हणून. जुना चांगल्या अवस्थेत मिळाला तर सुट्या प्रिंटसाठी उपयोगी आहे, पण तो ना स्कॅन करतो ना कॉपी. पहिला पर्याय म्हणून घेऊ नका. नवा घेताना कार्ट्रिजला चिप आहे का आणि पुन्हा भरल्यावर ती चालते का, हे गावातल्या रिफिलवाल्याला विचारा.

रंगीत काम

रंगीत लेझर झेरॉक्सला चार रंगांचे चार टोनर, चार ड्रम आणि मधला ट्रान्सफर बेल्ट असतो. काम आले नाही तरी हे भाग जुने होतातच. रोज निदान शे-दोनशे रंगीत पाने निघणार असतील तरच त्याचा हिशेब बसतो. तोवर लग्नपत्रिका, हँडबिल, बिलबुक यांच्या ऑर्डर घ्या आणि जिल्ह्याच्या प्रेसमधून छापून आणा. त्यातही बरा फायदा सुटतो.

सुरुवातीला साध्या रंगीत प्रिंटला एपसनच्या एल३२५० किंवा एल३२१० सारखा चार रंगांचा टाकीवाला पुरतो. तो कॉपी आणि स्कॅनही करतो. फोटोंचे काम जास्त असेल तर सहा रंगांचा एल८०५० घ्या. पासपोर्ट फोटोचे माप ३५ बाय ४५ मिलिमीटर, चार बाय सहाच्या ग्लॉसी कागदावर आठ फोटो बसतात. कागद १८० जीएसएमच्या खाली नको, पातळ कागद फॉर्मला चिकटवल्यावर उचकटतो.

या प्रिंटरचे हेड वाळते ते दोन कारणांनी. एक, आठवडाभर रंगीत काम न होणे. दिवसाआड एक लहान रंगीत पान काढत जा. दुसरे कारण जास्त घातक आहे: दुकान बंद करताना भिंतीवरचे मुख्य बटण थेट बंद करणे. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड उजवीकडे जाऊन टोपीखाली बसते. मुख्य बटण थेट बंद केले तर ते मध्येच उघडे राहते आणि रात्रभरात छिद्रे वाळतात. आधी प्रिंटरचे बटण, दिवा विझेपर्यंत थांबणे, मग भिंतीवरचे. दुकानात जो कोणी बसेल त्याला हे पहिल्या दिवशी शिकवा.

शाईचे प्रिंट पाण्याने पसरतात, म्हणून दाखले आणि प्रतिज्ञापत्रे शाईच्या प्रिंटरवर काढून देऊ नका. ती लेझरवरच.

एल८०५० सारख्या प्रिंटरवर प्लास्टिकचे कार्ड छापता येते, पण फक्त आधारची कार्डे छापण्याच्या हिशेबाने तो घेऊ नका. बाहेर छापलेल्या पीव्हीसी आधार कार्डांना सुरक्षा खुणा नसतात, म्हणून ती वापरू नयेत, असे आधार प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्येच सांगितले आहे. गिऱ्हाइकाला प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून अधिकृत कार्ड मागवून द्या आणि सेवेचे पैसे घ्या. शाळा-क्लासची ओळखपत्रे हे मात्र या प्रिंटरचे चांगले काम आहे.

एका कॉपीचा खर्च

आपापल्या भावाने आकडे भरा, रीत अशी. समजा रीम २४० रुपयांना पडते, म्हणजे कागद ४८ पैसे. टोनरची बाटली दीड हजारांची आणि प्रत्यक्षात १५,००० कॉपी देते, म्हणजे १० पैसे. ड्रम, ब्लेड, डेव्हलपर मिळून सहा हजार आणि एक लाख कॉपी: ६ पैसे. फिक्सिंगचे भाग आठ हजार, दीड लाख कॉपी: ५ पैशांच्या वर. वीज आणि वाया गेलेले कागद ४ पैसे. एका बाजूच्या छपाईचा खर्च २५ पैसे झाला. एकेरी कॉपी ७३ पैशांना पडली. दोन्ही बाजूंची मात्र ४८ अधिक ५०, म्हणजे ९८ पैशांत दोन बाजू.

कॉलेजची मुले नोट्ससाठी एका बाजूला ७५ पैसे दर मागतात तेव्हा एकेरीत हातात काही उरत नाही, बॅक-टू-बॅकमध्ये कागदामागे ५२ पैसे उरतात. फीडर आणि बॅक-टू-बॅक तपासण्यावर मी वर एवढा भर दिला तो यासाठी. टोनरच्या बाटलीवर लिहिलेला आकडा पानाचा पाच-सहा टक्के भाग काळा धरून दिलेला असतो. आधार, रेशनकार्ड, गडद सातबारा यांच्या प्रतीत त्याहून बरेच काळे असते, म्हणून हिशेबात छापील आकडा नको, स्वतःच्या काउंटरवरचा घ्या.

कॉपीवरच्या खुणा ओळखा

फीडरमधून काढलेल्या कॉपीवर एक सरळ बारीक काळी रेघ येते, पण तेच पान मोठ्या काचेवर ठेवले की येत नाही. ही तक्रार सर्वांत जास्त आढळते आणि तिच्यासाठी विनाकारण ड्रम बदलले जातात. दोष असतो तो मोठ्या काचेच्या बाजूच्या अरुंद काचपट्टीवर. फीडर पान त्याच पट्टीवरून सरकवतो. तिथे व्हाइटनरचा किंवा डिंकाचा मोहरीपेक्षा लहान ठिपका बसला की प्रत्येक पानावर रेघ उमटते. नखाने चाचपा, मऊ फडक्यावर थोडे आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन पुसा.

रेघ काच आणि फीडर दोन्हीकडून, शिवाय संगणकाच्या प्रिंटवरही येत असेल तर दोष आतला आहे: ब्लेड, ड्रम किंवा चार्जिंगचा भाग. एकच डाग ठरावीक अंतराने पुन्हा येत असेल तर पट्टीने अंतर मोजा. ३० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमवरचा ओरखडा दर ९४ मिलिमीटरला उमटतो. अंतर वेगळे निघाले तर डाग दुसऱ्या रोलरचा. मेकॅनिकला फोनवर हे अंतर सांगितले की तो योग्य पार्ट घेऊनच येतो.

टोनर बोटाला लागत असेल तर फिक्सिंग पुरते तापत नाही किंवा जाड कागदाची निवड केलेली नाही. कॅननवर ई०००, रिकोवर एससी५४२ आले तर फिक्सिंगचे तापमान चढत नाही असा अर्थ. वारंवार बंद-चालू करून पाहू नका. कॅननवर ई६०२ म्हणजे हार्ड डिस्कची तक्रार, आणि तिचे मूळ बऱ्याचदा अचानक जाणाऱ्या विजेत असते.

फीडरमध्ये पाने घालण्याआधी स्टेपलर पिना काढा आणि काढल्यावर बोट फिरवून पाहा. पिन काचपट्टीला ओरखडा पाडते. अशी पिन चुकून छपाईच्या कागदासोबत आत गेली तर फिक्सिंगची फिल्म फाडते, आणि तो खर्च हजारांत जातो.

बाकीचे साहित्य

लॅमिनेटर ए३ रुंदीचा घ्या, ए४ चा लवकर अपुरा पडतो. पाऊच १२५ मायक्रॉनचे, आणि बंद कड आधी आत घालायची. उघडी कड आधी गेली तर पाऊच रोलरला गुंडाळतो. मूळ दाखला लॅमिनेट करण्याआधी गिऱ्हाइकाला विचारा, लॅमिनेट केलेल्या मूळ कागदावर पुढे शिक्का मारता येत नाही.

स्पायरल मशीन हाताचे पुरते. एका वेळी दहा-बारा पानेच पंच करा, जास्त घातली की सुया वाकतात. ७० जीएसएमची शंभर पाने साधारण एक सेंटिमीटर जाड होतात, त्यांना १२ ते १४ मिलिमीटरची स्पायरल बसते. कटर, २४/६ चा रोजचा स्टेपलर आणि जाड गठ्ठ्यांना २३/१३ च्या पिनांचा मोठा स्टेपलर एवढे पुरे.

संगणकाला आठ जीबी रॅम आणि एसएसडी हवा, बाकी भपका नको. मराठी फाइलींची अडचण रोज येणार: कोणाची श्रीलिपीत, कोणाची कृतीदेवमध्ये. फॉन्ट नसेल तर चौकोन किंवा इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. गिऱ्हाइकाला फाइल पीडीएफ करून आणायला सांगा. आणि पीडीएफ पडद्यावर ठीक दिसते पण कागदावर जोडाक्षरे तुटतात, तेव्हा ॲक्रोबॅट रीडरच्या प्रिंट खिडकीत ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन ‘प्रिंट ॲज इमेज’ निवडा. प्रिंट थोडे हळू येते, पण अक्षरे पडद्यावर दिसतात तशीच उमटतात.

गिऱ्हाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली आधार, पॅन, पासबुके काम झाल्यावर फोनमधून, डाउनलोड फोल्डरमधून आणि कचरापेटीतूनही रोज संध्याकाळी काढून टाका. मोठ्या मशीनला हार्ड डिस्क असेल तर त्यात फाइली साठवण्याची सोय बंद ठेवा. बिघडलेल्या प्रती चुरगाळून टाकू नका, फाडा किंवा लहान श्रेडर घ्या. लोक त्यांची सगळी कागदपत्रे तुमच्या हातात देतात.

तीन लाखांची वाटणी

आजचे भाव डीलरकडून घ्या, पण वाटणी साधारण अशी धरा. मोठे मशीन नव्या भागांसह १ लाख १० हजार. लहान लेझर २२ हजार. शाईचा प्रिंटर १५ ते २५ हजार. संगणक ३८ हजार. वायरिंग, अर्थिंग, स्टॅबिलायझर १८ हजार. लॅमिनेटर, स्पायरल, कटर, स्टेपलर १५ हजार. कागद, दोन टोनर, शाई, पाऊच २५ हजार. उरतात ते ४७ ते ५७ हजार बाजूला. दुकानाच्या नोंदीला खर्च नगण्य आहे: मोजकेच कामगार असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने अधिनियमानुसार फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

उघडण्याआधी एक जाडी वही घ्या. रोज सकाळी आणि रात्री दोन्ही मशीनचे काउंटर, टोनर कधी घातला, कोणता पार्ट कोणत्या आकड्याला बदलला, हे त्यात लिहा. मेकॅनिक बदलला तरी मशीनचा इतिहास त्या वहीत राहतो, आणि ड्रम खरोखर लाखभर कॉपी चालला की साठ हजारांतच गेला, हे विक्रेत्याला आकड्यानिशी दाखवता येते.